मुक्या लिपींतील पंचांग

समजा, कोल्हापुरांतील एखाद्या घरीं परदेशांतील एक विद्वान पाहुणा उतरला आहे. तो चौकस आहे, बहुश्रुत आहे. परंतु त्यास देवनागरीचें एकही अक्षर ओळखतां येत नाहीं आणि आपले अंकही ठाऊक नाहींत. माजघरांत खुंटीला टांगलेलें जुन्या धर्तीचें पंचांग त्याच्या हातीं पडतें. तें कशाचें पुस्तक आहे, हें त्यास कोणी न सांगतां कळेल काय?

थोडा धीर धरला तर खचित कळेल. पानें चाळतां चाळतां त्याच्या ध्यानांत येईल कीं, पक्षांच्या प्रत्येक पानावर चौदा-पंधरा ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या आरंभीं एक खूण आहे व त्या खुणांचा क्रम प्रत्येक पानावर तोच आहे. शेवटची खूण मात्र एका पानावर एक, तर पुढच्या पानावर दुसरी, अशी आलटून पालटून येते. मराठी वाचक जाणतोच कीं, ती पौर्णिमेची १५ व अमावास्येची ३० होय. कधीं एखादी खूण मधूनच गळते, तर कधीं एकच खूण लागोपाठ दोन ओळींवर येते. अशीं पानें बहुधा चोवीस असतात. पण कांहीं वर्षीं तीं सव्वीस भरतात. रात्रीं अंगणांत उभें राहून चंद्राकडे पाहिलेल्या मनुष्यास एवढ्यावरून कोडें सुटतें. हें पुस्तक चंद्राच्या वाढीचें व ऱ्हासाचें आहे! खुणा कशा उच्चारावयाच्या हें त्यास कळलें नाहीं. पण त्या कशासाठीं आहेत, हें कळलें.

याचें कारण उघड आहे. पत्र, कविता, हिशेब, राजाज्ञा यांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या भाषेंत असतो. ती भाषा गेली व ती जाणणारीं माणसें गेलीं म्हणजे अर्थही जातो. पंचांगाचा अर्थ मात्र अर्धा कागदावर व अर्धा आकाशांत असतो. कागद मुका झाला तरी आकाश मुकें होत नाहीं. म्हणूनच न वाचतां येणाऱ्या लिपींच्या अभ्यासांत कालगणनेचा शोध प्रथम घेतला जातो. तेथें पाय टेकावयास जागा मिळण्याचा संभव असतो. आणि, पुढें दिसेल त्याप्रमाणें, तेथेंच पाय घसरण्याचाही.

आकाशाची ही साक्ष किती काटेकोर असते, हें पाहण्यासाठीं कोल्हापूर सोडावें लागत नाहीं. शिलाहार राजा विजयादित्य याचा येथील एक शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यांतील मिति शके १०६५, दुंदुभि संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण अशी आहे. आजच्या पंचांगाच्या रीतीनें शके १०६५ चा माघ धरला, तर इसवी सन ११४४ चा आरंभ येतो. परंतु त्या वर्षीं संवत्सर दुंदुभि नव्हता, त्याच्या पुढचा होता. आणि त्या माघी पौर्णिमेस सोमवारही येत नाहीं. मग राजाचा लेखक चुकला कीं काय? एक वर्ष मागें जाऊन गणित केलें म्हणजे सर्व जुळतें. १ फेब्रुवारी ११४३ या दिवशीं सोमवार होता, माघी पौर्णिमा होती, संवत्सर दुंदुभि होता, आणि त्या पौर्णिमेस चंद्र पृथ्वीच्या छायेंतून गेला होता. तेव्हां चूक लेखकाची नव्हे. आज शकाचीं सरलेलीं वर्षें मोजतात, तर या लेखांत चालू वर्ष मोजलें आहे, एवढाच भेद. आठशें-नऊशें वर्षांपूर्वींच्या एका लेखनिकाची वर्ष मोजण्याची रीत चंद्रानें उलगडून दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापन केलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनीं भारतीय लेखांतील मित्यांचें असें गणित मोठ्या चिकाटीनें केलें, आणि त्यामुळें आपल्या इतिहासाचा सांगाडा पुष्कळ पक्का झाला.

विजयादित्याचा लेख वाचतां येत होता, म्हणून आकाशाची साक्ष पडताळ्यापुरतीच लागली. परंतु लेख मुळींच वाचतां येत नसेल, तर ही साक्ष किती दूरवर नेऊं शकते? या प्रश्नाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण पॅसिफिक महासागरांतील एका एकाकी बेटावर सापडतें.

या बेटाचें तेथील नांव रापा नुई. डच दर्यावर्दी याकोब रोगेवेन ५ एप्रिल १७२२ रोजीं, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या ईस्टर सणाच्या रविवारीं, तेथें पोंचला. म्हणून युरोपांत त्यास ईस्टर बेट म्हणूं लागले. क्षेत्रफळ सुमारें ६३ चौरस मैल, आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा सुमारें २,२०० मैल दूर. प्रचंड दगडी पुतळ्यांमुळें हें बेट जगांत प्रसिद्ध आहे. परंतु पुतळ्यांहून मोठें कोडें म्हणजे तेथील लांकडी फळ्या. त्यांवर माणसें, पक्षी, मासे, वनस्पति, चंद्रकोरी अशीं नाजूक व एकसारख्या उंचीचीं चिन्हें ओळीनें कोरलेलीं आहेत. या लेखनास रोंगोरोंगो म्हणतात. तें वाचण्याची तऱ्हा शेतकऱ्यास चटकन् समजेल. डावीकडून उजवीकडे एक ओळ वाचावयाची. शेवटास आलें कीं फळी उलटी फिरवावयाची आणि लगतची ओळ पुन्हां डावीकडून धरावयाची. नांगराचे बैल तासाच्या टोंकास वळतात, तशी ही ओळ वळते.

अशा फळ्या व इतर कोरीव वस्तू मिळून आज जगांत जेमतेम दोन डझन उरल्या आहेत. त्या इतक्या थोड्या कां, आणि वाचणारा एकही मनुष्य कां उरला नाहीं, याची हकीकत मन विषण्ण करणारी आहे. १८६२ च्या अखेरीस पेरू देशांतून गुलाम धरणारीं जहाजें या बेटावर आलीं. त्यांनीं व पाठोपाठ आलेल्या इतर जहाजांनीं सुमारें दीड हजार माणसें पकडून नेलीं. त्यांत बेटाचे प्रमुख होते आणि फळ्या जाणणारे विद्वानही होते. पुढें ओरड झाली, कांहीं माणसें परत पाठविण्यांत आलीं. पण वाटेंत बहुतेक मेलीं, आणि जीं मूठभर पोंचलीं त्यांनीं देवीची सांथ बरोबर आणली. १८७७ सालीं बेटावर सारीं मिळून १११ माणसें उरलीं होतीं. ओझेन एरो हा धर्मप्रसारक १८६४ सालीं बेटावर होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, घरोघर या फळ्या दिसतात, पण लोकांस त्यांची फारशी मातब्बरी वाटत नाहीं. एका पिढीच्याही आंत हें घडलें. पुस्तकें घरांत, आणि वाचणारा कोणी नाहीं!

ताहिती बेटाचे बिशप झोसां यांनीं उरल्यासुरल्या फळ्या मिळविण्याची खटपट केली. त्यांच्या संग्रहांतील एका फळीस मामारी म्हणतात; ती आज रोम येथें त्यांच्याच धर्मसंघाच्या ताब्यांत आहे. तिचें लांकूड कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यास भेंड किंवा पारसपिंपळ म्हणतात त्याच जातीच्या झाडाचें आहे. बिशपांनीं मेतोरो नांवाच्या बेटकऱ्यास समोर बसवून फळ्या म्हणून दाखवावयास सांगितलें, व त्यानें त्या गाऊनही दाखविल्या. परंतु तो चिन्हांचीं चित्रें पाहून त्यांचीं वर्णनें करीत होता, असेंच पुढील बहुतेक अभ्यासकांचें मत झालें. ज्याप्रमाणें एखादा निरक्षर मनुष्य पोथी हातीं घेऊन ऐकीव कथा सांगूं लागतो, त्यांतलाच हा प्रकार.

१९५८ सालीं जर्मन पंडित टोमास बार्टेल यांनीं या लिपीचा पहिला पद्धतशीर ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धांत सांकेतिक संदेश उकलण्याचें काम त्यांनीं केलें होतें. त्यांनीं सुमारें सहाशें चिन्हांस क्रमांक दिले, सर्व फळ्यांची नक्कल सिद्ध केली, आणि मामारी फळीच्या एका बाजूवर दोन-अडीच ओळींचा असा एक तुकडा दाखविला कीं, त्याविषयीं आजवर कोणीही गंभीर आक्षेप घेतलेला नाहीं. त्यांच्या मतें तो तुकडा म्हणजे चांद्रमासाची मांडणी होय.

तुकड्याची घडण पाहिली म्हणजे आरंभीं सांगितलेल्या पाहुण्याची आठवण होते. त्यांत एकाच बाजूस वळलेल्या एकोणतीस चंद्रकोरी आहेत. त्यांच्या मध्यें एक निराळें चिन्ह आहे. तें पूर्णचंद्राचें असून त्यांत आकाशांत चूल पेटवून बसलेल्या म्हातारीचें चित्र आहे, असें मानतात. आपल्याकडे चंद्रावरील डागांत ससा किंवा हरिण दिसतें, तर पॅसिफिकमधील लोकांस तेथें म्हातारी दिसते. कोरी एकोणतीस आणि पूर्णचंद्र एक, मिळून तीस. या तीस रात्री आठ गटांत विभागल्या आहेत, आणि प्रत्येक गटाच्या आधीं चार चिन्हांचा एक ठराविक पुंजका येतो. पुंजक्याच्या शेवटीं दोरीला लागलेला मासा आहे. पूर्णचंद्राच्या आधीं येणाऱ्या चारही पुंजक्यांत माशाचें डोकें वर आहे. पूर्णचंद्रानंतरच्या चारही पुंजक्यांत तें खालीं आहे. एक अक्षर न वाचतां येथें शुक्लपक्ष व कृष्णपक्ष डोळ्यांपुढें उभे राहतात.

तरीही एवढ्यावर विसंबणें धोक्याचें झालें असतें. या मांडणीस बळकटी आली ती एका स्वतंत्र पुराव्यानें. रापा नुईचें लेखन मेलें होतें, पण भाषा मेली नव्हती. महिन्यांतील प्रत्येक रात्रीचें नांव वृद्धांच्या तोंडीं अजून होतें. अमेरिकन नौदलांतील विल्यम टॉम्सन यांनीं १८८६ सालीं, आणि मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेत्रो यांनीं १९३४-३५ मध्यें, बेटावर जाऊन अशा याद्या टिपून घेतल्या. त्या याद्यांत एक मोठी गंमत आहे. कांहीं रात्रींस स्वतःचीं खास नांवें आहेत, आणि कांहींस नुसते क्रमांक आहेत: कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरू, म्हणजे पहिली कोकोरे, दुसरी, तिसरी. अशा क्रमांकाच्या सहा रात्री पौर्णिमेपूर्वीं येतात, आणि पौर्णिमेनंतर पुन्हां पहिल्यापासून आरंभ होऊन पांच येतात. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया असें मोजून पौर्णिमा गांठावयाची व पुन्हां प्रतिपदेपासून मोजावयाचें, ही आपली रीत यांहून फार निराळी नाहीं. पृथ्वीच्या दोन टोंकांच्या लोकांनीं एकाच चंद्राकडे पाहिलें, म्हणून त्यांची मोजणी सारखी झाली. एकानें दुसऱ्याचें पाहून ती उचलली, असें मानण्याचें कारण नाहीं. मामारी फळीवरील कोरींचे गट या नांवांच्या घडणीशीं पुष्कळ जुळतात.

एक कोडें मात्र राहिलें होतें. निरनिराळ्या याद्या ताडून पाहतां होतू व हिरो या दोन रात्रींच्या जागेविषयीं मेळ बसेना. सांगणारे वृद्ध विसरले असावेत, किंवा लिहून घेणारे चुकले असावेत, असें म्हणून कोणीही हा प्रश्न सोडून दिला असता. १९९० सालीं भाषाशास्त्रज्ञ झाक गी यांनीं त्याचा जो उलगडा सुचविला, तो पंचांग पाहणाऱ्या मराठी वाचकास विशेष आवडेल.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास व ४४ मिनिटें लागतात. रात्रींचे तुकडे करतां येत नाहींत; म्हणून ज्यास केवळ रात्री मोजून चंद्राबरोबर चालावयाचें आहे, त्यास कधीं एक रात्र जास्त धरावी लागते, तर कधीं गाळावी लागते. भारतीय ज्योतिष्यांनीं या अडचणीवर तिथीची तोड काढली. सूर्य व चंद्र यांमधील अंतर बारा अंशांनीं वाढलें म्हणजे एक तिथि झाली. परंतु चंद्राची चाल एकसारखी नसते. पृथ्वीजवळ आला म्हणजे तो लगबगीनें चालतो, दूर गेला म्हणजे रेंगाळतो. म्हणून तिथि कधीं सुमारें १९ तासांत आटोपते, तर कधीं २६ तासांवर लांबते. लहान तिथि दोन सूर्योदयांच्या मध्येंच संपली तर तिचा क्षय होतो. लांबलेल्या तिथीनें दोन सूर्योदय पाहिले तर तिची वृद्धि होते. पाहुण्यास पंचांगांत मधूनच गळलेल्या किंवा दोनदां आलेल्या खुणा दिसल्या, त्या याच.

गी यांचें म्हणणें असें कीं, रापा नुईच्या महिन्यांत मूळ रात्री २८ होत्या, आणि होतू व हिरो या दोन रात्री राखून ठेवलेल्या होत्या. चंद्र मागें पडतो आहे असें दिसलें कीं, त्यांतील एक योग्य ठिकाणीं घालावयाची. त्यांची जागा महिन्यागणिक बदलत असल्यामुळें याद्यांत मेळ न बसणें स्वाभाविकच होतें. वृद्धही चुकले नव्हते, आणि लिहून घेणारेही. फळीवरही तसेंच आहे: मांडणीच्या अगदीं शेवटीं, नेहमींपेक्षां मोठ्या पुंजक्यानंतर, दोन कोरी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. याखेरीज पूर्णचंद्राच्या दोन्ही बाजूंस, सहाव्या रात्रीच्या आधीं, एकेक इवलीशी कोर ओळीच्या वरच्या अंगास कोरलेली आहे. चंद्र दूर असला म्हणजे किंचित् लहान दिसतो व मंदही चालतो. तेव्हां ‘या रात्रीं चंद्र लहान दिसतो काय तें पाहा, आणि दिसल्यास राखीव रात्र घाला’ अशी ही सूचना असावी, असा गी यांचा तर्क आहे. हा शेवटचा भाग तर्कच आहे, हें विसरूं नये. परंतु तो खरा असेल, तर कोंकणी भेंडाच्या जातीच्या त्या फळीवर जी गोष्ट कोरली आहे, तीच गोष्ट आपल्या पंचांगकर्त्यांनीं तिथीच्या वृद्धींत गणितानें बांधली, असें म्हणतां येईल.

येथवरची वाटचाल सुखाची झाली. आतां घसरणीची जागा पाहावयाची.

एका तुकड्यांत चंद्रमास सांपडला म्हणतांच, इतर फळ्यांवरही महिने, ऋतू, ग्रहणें व नक्षत्रें दिसूं लागावीं, हा मनुष्यस्वभाव आहे. अठ्ठावीस, एकोणतीस किंवा तीस खुणा मोजून झाल्या कीं चंद्र. बारा झाल्या कीं वर्ष. सात झाल्या कीं सप्तर्षि. आपला तो परदेशी पाहुणा पुन्हां समोर आणावा. यावेळीं त्याच्या हातीं पंचांग नाहीं, तर घरांतील लहान मुलाची पाटी आहे. तिच्यावर बाराखडी लिहिली आहे. तो मोजतो: प्रत्येक ओळींत बरोबर बारा खुणा! पहिली साधी, दुसरीस काना, पुढें वेलांट्या, मात्रा. ‘बारा महिने आणि त्यांचीं निरनिराळीं चिन्हें’, असें तो हर्षानें सांगेल. त्याची मोजणी अचूक आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकला आहे. तसेंच, स्वयंपाकघराच्या दारामागें गवळ्याच्या रतिबाच्या तीस रेघा ओढलेल्या असतात. त्यांत महिना आहे हें खरें, पण चंद्र नाहीं. तीस रेघांत मध्यें पौर्णिमा नाहीं, वाढ व ऱ्हास नाहीं, राखून ठेवलेली रात्र नाहीं. संख्या जुळली एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. चंद्राला जी घडण आवश्यक आहे, ती घडण दिसली पाहिजे.

या भुलीचें एक ठळक उदाहरण थेट भारताशीं संबंध असलेलें आहे. मोहेंजोदडो येथील मुद्रांचीं चित्रें युरोपांत पोंचलीं, आणि १९३२ सालीं पॅरिसमध्यें गीयोम द हेवेशी या हंगेरियन गृहस्थांनीं तीं रोंगोरोंगोच्या चिन्हांशेजारीं मांडून दोन्ही लिप्या एकच असल्याचें प्रतिपादन केलें. जोड्या पाहतां क्षणीं कोणीही चकित व्हावें, अशा होत्या. भूगोलही जणुं साहाय्यास धांवला: पृथ्वीच्या गोलास मोहेंजोदडो येथून सुई आरपार घातली, तर ती रापा नुईच्या जवळपासच समुद्रांत बाहेर पडेल! परंतु सिंधु संस्कृतींतील लेखन इसवी सनापूर्वीं १९०० च्या सुमारास मावळलें, आणि रापा नुईवर मनुष्यवस्ती झाली ती इसवी सनाच्या सुमारें बाराव्या-तेराव्या शतकांत. मधल्या तीन हजार वर्षांची आणि अर्ध्या पृथ्वीची वाट या लिपीनें कशी चालली, याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. ज्यांनीं स्वतः बेटावर राहून काम केलें होतें, त्या मेत्रो यांनीं दाखवून दिलें कीं, अनेक जोड्यांतील चित्रें परस्परांशीं जुळावीं अशा बेतानें थोडीं वळवून काढलीं होतीं. माणूस, मासा व चंद्रकोर हीं चित्रें कोठेंही काढलीं तरी एकमेकांसारखींच दिसावयाचीं.

याच सुमारास मुंबईंतही सिंधु लिपीचा शोध चालू होता. सेंट झेवियर कॉलेजांतील इतिहासाचे प्राध्यापक फादर हेन्री हेरास हे स्पेनमधून १९२२ सालीं मुंबईस आले, १९२६ सालीं त्यांनीं तेथें इतिहाससंशोधन संस्था स्थापिली, आणि १९५५ सालीं मुंबईसच देह ठेविला. त्यांचें सर्व आयुष्य या देशाच्या इतिहासास वाहिलेलें होतें. सिंधु मुद्रांची भाषा प्राचीन द्राविडी असावी, असें त्यांनीं मानलें, व एक फार सुंदर कल्पना पुढें मांडली. मुद्रांवर माशाचें चिन्ह वारंवार येतें. तामिळ भाषेंत ‘मीन्’ म्हणजे मासा आणि ‘मीन्’ म्हणजे ताराही. तेव्हां मासा काढून तारा सुचविला नसेल काय? कोल्हापुरास शेजारची कानडी कानावर पडत असल्यामुळें मासा म्हणजे मीन, हें येथें नवें वाटावयाचें नाहीं. पुढें फिनलंडचे पंडित आस्को पार्पोला यांनीं ही कल्पना आणखी वाढविली. सहा रेघा व मासा एकत्र आल्यास तो ‘अरुमीन्’ म्हणजे सहा ताऱ्यांची कृत्तिका, आणि सात रेघा व मासा आल्यास ‘एळुमीन्’ म्हणजे सप्तर्षि, असें त्यांनीं सुचविलें. हीं दोन्ही नांवें जुन्या तामिळ भाषेंत खरोखर आहेत.

येथपर्यंत कल्पना मनोहर आहे, आणि कदाचित् खरीही असेल. परंतु फादर हेरास तेथेंच थांबले नाहींत. त्यांनीं शेंकडों मुद्रा सलग वाचल्या, व सिंधु लोकांचें आठ राशींचें राशिचक्र होतें असेंही सांगितलें. त्यांचें हें वाचन विद्वानांनीं स्वीकारलें नाहीं. दोष त्यांच्या विद्वत्तेचा नव्हता, साक्षीदारांच्या अभावाचा होता. सिंधु लेख सरासरीनें पांचच चिन्हांचे आहेत. पांच चिन्हांत पक्ष मावत नाहीं, पौर्णिमा मावत नाहीं, क्षय-वृद्धि तर नाहींच. एकच लेख दोन भाषांत लिहिलेला असाही कोठें सांपडलेला नाहीं. मामारी फळीस जशी वृद्धांच्या तोंडची रात्रींची यादी मिळाली, तशी सिंधु मुद्रांस कोणाच्या तोंडची यादी मिळाली नाहीं. म्हणून एकच मुद्रा एकास नक्षत्र वाटते, दुसऱ्यास देवता वाटते, तिसऱ्यास व्यापाऱ्याचें नांव वाटतें. आणि त्यांतील कोण चुकला हें सांगणारा पंच नाहीं.

या दोन प्रकरणांतून पारखण्याच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, नुसती संख्या नव्हे तर आकाशास साजेशी घडण दिसली पाहिजे. दुसरी, लेखाबाहेरची एखादी स्वतंत्र साक्ष, विशेषतः त्या लोकांच्या तोंडची, तिच्याशीं जुळली पाहिजे. तिसरी, त्या वाचनानें पूर्वीं न उलगडलेलें एखादें कोडें आपोआप सुटलें पाहिजे. विजयादित्याच्या लेखांत शकाच्या वर्षाचें कोडें सुटलें, किंवा होतू व हिरो यांचें सुटलें, त्याप्रमाणें. मामारीचा तुकडा पहिल्या दोन कसोट्यांस पुरेपूर व तिसरीस बऱ्याच अंशीं उतरतो. रोंगोरोंगोच्या बाकीच्या मजकुराचा एकही तुकडा अजून त्या पदवीस पोंचलेला नाहीं.

मात्र या यशाचें माप फुगवूं नये. त्या दोन-अडीच ओळी पंचांगाच्या आहेत, एवढें कळलें. पण त्या वाचतां आल्या नाहींत. कोरींच्या मधलीं चिन्हें कोणते शब्द सांगतात, तें लेखन उच्चाराचें आहे कीं केवळ स्मरणास साह्य करणाऱ्या खुणांचें, हें ठरलेलें नाहीं. २०२४ सालीं रोम येथील चार फळ्यांच्या लांकडाचें वय तपासल्याचें प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं एकीचें लांकूड १४९३ ते १५०९ च्या दरम्यानचें, म्हणजे युरोपियन लोक बेटावर येण्याच्या दोनशें वर्षें आधींचें निघालें. लांकूड जुनें म्हणून कोरीव कामही तितकेंच जुनें, असें होत नाहीं. परंतु ही लिपी बेटकऱ्यांनीं परक्यांचें पाहून नव्हे तर स्वतःच्या बुद्धीनें निर्माण केली असावी, या मतास त्यानें जोर आला. जगांत शून्यांतून लिपी निर्माण करणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांत या लहानशा बेटाची गणना व्हावी, आणि त्यांनीं काय लिहिलें हें कोणास सांगतां येऊं नये!

त्या फळ्यांवर चंद्राखेरीज आणखी काय असेल? वंशावळी असतील, मंत्र असतील, एखाद्या आईनें म्हटलेलें गाणेंही असेल. त्यांस आकाशाची साक्ष नाहीं. चंद्र आपली वही स्वतः जपतो. माणसाची वही माणसानेंच जपावी लागते. १८६२ च्या त्या जहाजांनीं फळ्या नेल्या नाहींत, माणसें नेलीं. आणि तेवढ्यानें फळ्या मुक्या झाल्या.

ही गोष्ट कोल्हापुरास वाटते तितकी दूरची नाहीं. येथील पुरालेखागारांत जुन्या करवीर संस्थानाचे कागद आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग मोडींत आहे. घरोघरींही आजोबा-पणजोबांच्या मोडींतील वह्या, गहाणखतें व पत्रें पेट्यांच्या तळाशीं पडलेलीं असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून मागें पडली, आणि ती सहज वाचणारीं माणसें वर्षागणिक कमी होत गेलीं. सुदैवानें मोडी ही मेलेली लिपी नव्हे. तिची वर्णमाला ठाऊक आहे, शिकविणारे आहेत, आणि शिकूं इच्छिणारास कांहीं महिन्यांच्या अभ्यासानें ती साध्य होते. रापा नुईच्या लोकांस जी संधि कोणी दिली नाहीं, ती येथें अजून हातची गेलेली नाहीं.

अशी एखादी वही उघडली कीं माथ्यावर बहुधा मिति असते: शक, मास, पक्ष, तिथि. मोडी न येणारा मनुष्यही थोड्या खटपटीनें ती मिति ओळखील, आणि त्या तिथीस खरोखर तोच वार होता कीं नाहीं, हें गणितानें पडताळून पाहील. चंद्र आपली साक्ष देईल. परंतु त्याखालच्या ओळींत पणजोबांनीं कोणास किती कर्ज माफ केलें, दुष्काळांत कोणत्या घरीं धान्य पोंचविलें, कोणत्या लेकीच्या लग्नासाठीं शेत गहाण टाकलें, हें चंद्रास ठाऊक नाहीं. तें सांगावयास वाचणारा मनुष्यच लागतो.